जमीन दादाकडे, देह जानकीकडे

ज्यांच्या घरात हा आजार असतो ते त्याबद्दल शेजाऱ्यांशीसुद्धा बोलत नाहीत. आम्हीही बोललो नाही. आता मी बरा आहे, निदान ठाण्याच्या कोर्टानं तसं ठरवलं आहे, म्हणून हे लिहून ठेवतो. एखाद्या घरात मागच्या खोलीला बाहेरून कडी लावलेली असेल, तर तिथल्या माणसांना एवढं तरी कळावं की हे आपल्याआधीही कुणावर आलं होतं.

काही भाग मला स्वतःला आठवतो. काही माझ्या बायकोनं, जानकीनं, सांगितला. जिथं तिचं ऐकून लिहितो तिथं तसं म्हणेन.

एक अक्षर

मी ठाण्याच्या कोर्टात नकला करणारा कारकून होतो. साहेबांचे हुकूम स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढायचे, एवढंच काम. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. एका हिवाळ्यात मला वाटू लागलं की कुठल्यातरी हुकुमाच्या नकलेत माझ्याकडून एक अक्षर राहिलं आहे. कुठल्या, ते आठवेना. मी दप्तर काढून ताडून पाहायचो. सगळं बरोबर असायचं. तळ्याच्या कडेनं घरी पोहोचेपर्यंत शंका पुन्हा आलेली असायची.

मग झोप गेली. मग माझी खात्री झाली की त्या अक्षरामुळे एक निरपराध माणूस तुरुंगात पडला आहे आणि सरकारला ते समजलं आहे. घरात कुणी लिहीत नसताना मला बोरूची कुरकुर ऐकू यायची. जेवताना हात थांबायचा. जानकी म्हणायची, "घास घ्या ना," आणि मला वाटायचं, हिलाही माहीत आहे.

जानकीनं आधी दृष्ट काढली. मग वैद्य आले, त्यांनी डोक्यावर थापायला लेप दिला आणि पोटात घ्यायला काढा. थोरला भाऊ दादा बाळकुमची आमची भातशेती पाहायचा आणि आमच्यातच राहायचा. तो म्हणाला, कचेरीतून रजा घे आणि चार दिवस शेतावर चल, मोकळ्या हवेत बरं वाटेल. त्याच्या सांगण्यात काही चूक नव्हती. कुणालाही तेच सुचलं असतं.

खाडी

आम्हाला एकच मूल, यमू. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. कल्याणच्या एका चांगल्या घरी तिचं लग्न ठरलं होतं आणि वैशाखातला मुहूर्त धरला होता.

बाळकुमला मुक्काम असताना एका दुपारी मी यमूला हाक मारली आणि तिचा हात धरून खाडीकडे निघालो. आमच्या सगळ्या घरावर वॉरंट निघालं आहे, खाडी ओलांडली की आपण सुटलो, हे मला सूर्याइतकं स्पष्ट दिसत होतं. भरती सुरू झालेली होती. चिखलात पाय रुतत होते. हे मला नीट आठवतं, दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. चिखल गार होता. यमू म्हणत होती, "बाबा, पाणी वर येतंय." मी म्हणत होतो, थोडंच राहिलंय.

होडीतून चाललेल्या कोळ्यांनी आम्हाला पाहिलं. त्यांनी यमूला वर ओढलं तेव्हा पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. तिच्या मनगटावरची माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली.

यमूला ताप भरला. तो उतरल्यावर ती, मी असेन त्या खोलीत येईनाशी झाली. त्या दिवसापासून घरात माझ्या आजाराला ताप, थकवा, दृष्ट यांपैकी काही म्हणायचं कुणाला धाडस झालं नाही.

बांध फुटला

यापुढचं बरंचसं जानकीनं सांगितलेलं आहे.

बाळकुमची जमीन खाडीकाठची. बांध आहे तोवर भात पिकतं. बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि मातीच मरते. त्या माघातल्या मोठ्या भरतीला आमच्या बाजूचा बांध फुटला. तो दुरुस्त करायचा तर शेजारच्या खातेदारांबरोबर कचेरीत करार करावा लागायचा, आणि त्या कागदावर माझी सही हवी होती. कागदपत्रांचं मला कळतं म्हणून खातं माझ्या एकट्याच्या नावावर ठेवलं होतं. दादा चाळीस वर्षांचा शेतकरी, पण कागदावर कुणीच नव्हता. माझ्यापुढे कागद ठेवला की मी तो फाडायचो. सही केली की पकडणार, असं मला वाटायचं.

मार्ग एकच होता. जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करायचा की आमचा भाऊ वेडा आहे, त्याच्या मालमत्तेची व्यवस्था आमच्याकडे द्या. मग चौकशी होते, भर कोर्टात. डॉक्टर सांगतात, साक्षीदार सांगतात. बाहेर पिंपळाखाली बसलेल्या पक्षकारांनाही सगळं ऐकू जातं. ठाण्यात सकाळी झालेली गोष्ट संध्याकाळच्या गाडीनं कल्याणला पोहोचते.

जानकी दादासमोर उभी राहून बोलत नसे. त्या दिवशीही ती स्वयंपाकघराच्या दाराआडूनच बोलली. "भाऊजी, यमूचं लग्न होऊ दे. मग तुम्ही म्हणाल तिथं मी साक्ष देईन. वेड्याची मुलगी म्हटल्यावर तिला कोण करून घेईल?"

 दादा एवढंच म्हणाला, की पावसाच्या आत बांध बांधला नाही तर शेत गेलं. जानकी म्हणाली, मला माहीत आहे.

दादानं अर्ज केला नाही. भरतीचं पाणी दर पंधरवड्याला आत येत राहिलं आणि तो बांधावर उभा राहून ते पाहत राहिला. कल्याणच्या व्याह्यांना ताप म्हणून सांगितलं. मला बाळकुमला खळ्याजवळच्या खोपीत ठेवलं. दोर लावून ठेवलं, हेही लिहिलं पाहिजे. तो दोर दादानं स्वतः बांधला, दुसऱ्या कुणाला बांधू दिला नाही, आणि आत माझ्या मनगटाला धोतराची घडी घातली. रोज तोच मला भरवायचा. मी त्याला शिपाई समजून शिव्या द्यायचो.

वैशाखात ठाण्याच्या घरापुढे मांडव उभा राहिला. त्या दिवशी खोपीत माझ्याजवळ आमची थोडी जमीन कसणारं कूळ बसलं होतं. दादानं आणि वहिनीनं कन्यादान केलं.

चौकशी

लग्नानंतर अर्ज झाला. चौकशीची नोटीस मलाही आली, कारण कायद्यानं ती वेड्यालाही द्यावी लागते. माझ्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या कारकुनाच्या अक्षरात होती. पूर्वी असल्या नोटिसांच्या नकला मीच केल्या होत्या. माणसाचं नाव लिहायचं, त्यापुढे बापाचं, राहणार कुठला ते, आणि पुढच्या कागदाला हात घालायचा. त्या माणसाचा कधी विचार केलेला आठवत नाही.

मला कोर्टात आणलं तेव्हा सगळे ओळखीचे होते. शिपायानं नेहमीसारखा नमस्कार केला आणि मग त्याला काय करावं कळेना. साहेब इंग्रज, पण मराठी समजणारे. आवाज चढवत नसत. त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. गादीवर कोण आहे विचारलं. राणीसाहेब, म्हणालो. जमीन कुठं आहे, बाळकुमला. सगळं बरोबर येत गेलं. दादाचा चेहरा उजळला. आपण आणलेला अर्ज खोटा ठरावा असं त्याला वाटत होतं.

मग साहेबांनी विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

मी म्हणालो, "एक मुलगी होती. ती खाडीत बुडाली."

 यमूच्या लग्नात जेवून आलेले तिथे निम्मे लोक होते. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि मला पाणी द्यायला सांगितलं. सरकारी डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण माझा निकाल त्या पाण्याच्या तांब्याबरोबरच लागला होता.

हुकूम असा झाला. जमिनीची व्यवस्था दादानं पाहावी. मात्र ज्याला वारसा मिळायचा त्याच्या हाती वेड्याचा देह देत नाहीत, न जाणो त्यानं हयगय केली तर. दादानं मला हातानं भरवलं होतं, पण कायद्याला ते दिसण्याची सोय नव्हती. देह जानकीच्या ताब्यात दिला. लग्नात मी तिचा हात धरला होता, आता सरकारनं मला तिच्या हाती दिलं. ती म्हणते, हुकुमाचा अर्थ वकिलांनी समजावून सांगितला तेव्हा तिला इतकी लाज वाटली की आठ दिवस ती विहिरीवर गेली नाही.

माझा देह कुठं ठेवायचा हे तिनं ठरवायचं होतं. घरात ठेवणं शक्य नव्हतं. तिनं मुंबईचं इस्पितळ सांगितलं.

इस्पितळात

आपलं माणूस तिथं पाठवायचं की नाही या विचारानं झोप उडालेल्यांसाठी सांगतो, ते नरक नव्हतं. घरही नव्हतं. समुद्र जवळ होता, रात्रंदिवस त्याचा आवाज. सकाळी घंटा, आंघोळ, कांजी. मग ज्याला जमेल त्याला काम. काहीजण काथ्या वळत, काहीजण चटया विणत. आमच्या जातीच्या माणसांसाठी वेगळा आचारी होता, तरी पहिले कित्येक दिवस मी जेवलो नाही. एक माणूस दिवसभर भिंतीला तोंड करून उभा असे. एक गुजराती म्हातारा सकाळी सगळ्यांना जयगोपाळ करत फिरे आणि मी उत्तर दिलं नाही तरी माझ्यापुढे थांबून पुन्हा करे. पुष्कळ दिवसांनी एकदा मी त्याला उत्तर दिलं. तो इतका हसला की मलाही हसू आलं. आजारानंतरचं ते माझं पहिलं हसू.

तिथल्या डॉक्टरांनी मला कागद आणि बोरू द्यायचा नाही असं सांगून ठेवलं होतं. मी मागायचो, रागवायचो. त्याऐवजी त्यांनी मला भाजीच्या वाफ्यांवर घातलं. भेंडीत अक्षर चुकत नाही. पाणी कमी पडलं तर ती सुकते, दिलं तर उठते. कधी कोण जाणे, बोरूची कुरकुर थांबली. थांबली तेव्हा मला कळलंही नाही. ऐकू येत नाही हे एकदम एका सकाळी लक्षात आलं, आणि मला भीती वाटली की पुन्हा येईल.

जानकी दर महिन्याला यायची. दादा आणून सोडायचा आणि स्वतः फाटकाबाहेर बसायचा, कारण त्याला पाहिलं की मी बिथरायचो. ती डब्यातून काही आणायची, माझ्यापुढे ठेवायची, आणि ठाण्याच्या गोष्टी सांगायची. यमूचं नाव ती आठवणीनं घ्यायची आणि मी प्रत्येक वेळी तिला सांगायचो की यमू नाही. आई असून तिनं ते दर महिन्याला ऐकलं.

दुसऱ्या वर्षी, जानकी म्हणते, मी मधेच बोलायचा थांबलो आणि विचारलं, "यमूचा ताप उतरला का गं?"

ती म्हणाली, "उतरला. लग्न झालं तिचं."

मग ती उठून बाहेर गेली. दादाला आत घेऊन आली. मी त्याला दादा म्हणून हाक मारली. तो माझ्याशेजारी बसला आणि त्यानं माझं मनगट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

कोर्टातून परत

बरं झाल्यावरही माणूस आपोआप बरा होत नाही. त्यालाही अर्ज लागतो. त्याच कोर्टात, त्याच साहेबांपुढे मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी दिली. मुलं किती, याला मी म्हणालो, एक मुलगी, कल्याणला दिली आहे. जमीन आणि देह दोन्ही मला परत मिळाले. नोकरी मिळाली नाही, आणि मीही मागितली नाही.

दादा मला बाळकुमला घेऊन गेला. बांध नंतर बांधला होता, पण त्या वर्षीच्या खाऱ्या पाण्यानं निम्मं शेत पांढरं पडलं होतं. उरलेल्यात भात उभं होतं, खुरटं. मी दादाला विचारलं की लग्नापर्यंत थांबायला तू जानकीला नाही का म्हणाला नाहीस. तो म्हणाला, "शेत काय, पाचसात वर्षांत गोडं होतं."  लहानपणापासून तो त्या मातीत राबला होता. पुढच्या पावसाळ्यात तो गेला, साध्या हिवतापानं. शेत गोडं झालेलं त्यानं पाहिलं नाही.

कल्याण

लग्नासाठी एवढं सगळं लपवलं, आणि कोर्टातला हुकूम झाल्यावर आठवड्याच्या आत कल्याणला ते कळलंच. व्याह्यांनी यमूला माहेरी पाठवणं बंद केलं. मी इस्पितळात असतानाच्या साऱ्या काळात जानकीला मुलगी एकदाच दिसली, कल्याणच्या देवळात, सासूबरोबर. बोलायला मिळालं नाही.

दादाच्या दिवसांनंतर आम्ही दोघं कल्याणला गेलो. मी हुकुमाची नक्कल बरोबर घेतली होती. व्याही खाडीच्या बाजूला राहत. त्यांनी आम्हाला बसवलं, गूळपाणी दिलं, नक्कल वाचली आणि घडी घालून परत दिली.

"अहो पंत," ते म्हणाले, "तुम्ही आजारी पडलात यात तुमचा दोष नाही. मला कुणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं. साहेबांना तुमची जमीनच परत करायची होती. मला पोर पाठवायची आहे."

 त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. जानकी पदर सावरून म्हणाली की तिलाच विचारा. मग विहीणबाई आत गेल्या. आतून यमूचा आवाज आला, जुनाच, थोडा जाड झालेला. ती विचारत होती की आई घरीच असेल ना सगळा वेळ. विहीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं की येते म्हणते, पाच दिवसांसाठी.

ती ठाण्याला आली तेव्हा उंचीनं माझ्या डोक्याशी लागत होती. नऊवारी नेसलेली, कपाळावर मोठं कुंकू. मी ओसरीवर असलो की ती माजघरातून जायची. मी माजघरात आलो की ती विहिरीवर. जेवायला वाढताना ती माझं पान आईवर सोपवायची. जानकी तिला रागावणार होती. मी खूण करून थांबवलं. मनगट तिचं होतं, पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. बरं होण्याची तारीख मी तिच्यासाठी ठरवू शकत नव्हतो.

निघायच्या आदल्या दुपारी मी ओसरीवर सुपारी कातरत बसलो होतो. यमू माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

"बाबा, माझं लग्न तुम्हाला ठाऊक नाही ना?"

मी नाही म्हणालो.

"मग सांगते," ती म्हणाली.

तिनं सांगितलं. काकूचा शालू कसा होता, मांडवाला केळीचे खांब कुठून आणले, कल्याणची वऱ्हाडी मंडळी जिलबी कशी पुन्हा पुन्हा मागत होती. आई मांडवात आलीच नाही, मागीलदारी भांडी पुसत बसली. आईनं बजावलं होतं की बाबा कुठं आहेत असं कुणी विचारलं तर ताप आलाय म्हण. तिनं ते मनात पाठ करून ठेवलं होतं.

"पण मला कुणीच विचारलं नाही," ती म्हणाली.

मी अडकित्ता खाली ठेवला. ती सांगत राहिली. काकांनी पाणी सोडलं तेव्हा गुरुजींनी त्यांच्या हाताला खालून आधार दिला. आणि त्याआधी गुरुजींनी नावं घेतली होती, पणजोबांची पणती, आजोबांची नात, आणि मग मुलगी कुणाची.

"तिथं काकांचं नाव येईल असं मला वाटलं होतं," यमू म्हणाली. "पण तुमचं घेतलं. तीनदा घेतलं. मी मोजलं."

 तिला आत येऊन बस म्हणावं असं फार वाटलं, पण म्हटलं नाही. ती तशीच दारात उभी राहिली, आणि मग वऱ्हाड परत कसं निघालं, पाठवणीच्या वेळी कोण कोण रडलं, ते सांगू लागली.